उलटा प्रश्न

वाचासेतू केंद्राच्या प्रतीक्षागृहात नेहमीसारखाच गलका होता. फरक इतकाच, की बोलणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांचे ओठ हलत नव्हते. कुणी कालच्या सामन्यावर वाद घालत होतं, कुणी चहावाल्याला आलं जास्त घाल म्हणून बजावत होतं, आणि हे आवाज कॉलरपाशी अडकवलेल्या बटणाएवढ्या चकत्यांतून येत होते. कोल्हापुरात आता याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. पक्षाघातानं वाचा गेलेला माणूस काही महिन्यांत पुन्हा बोलायला लागतो, ही गोष्ट डोळ्याला चष्मा लागण्याइतकी साधी झाली होती.

केतकी सरनाईकनं नवऱ्याची चाकाची खुर्ची क्रिकेट दिसेल अशी पडद्यासमोर लावली आणि फोनवर आलेला संदेश पुन्हा एकदा वाचला. ‘सूत्र-दोनची आधारसमाप्ती जवळ आली आहे. आपल्या रुग्णाचे स्थलांतर त्वरित करून घ्यावे.’ पहिल्यांदा आला तेव्हा यातलं ‘रुग्ण’ आणि ‘त्वरित’ एवढंच तिला कळलं होतं. स्थलांतर म्हटल्यावर तिला आधी वाटलं, निनादला दुसऱ्या दवाखान्यात हलवताहेत.

वास्तविक हलणार होतं ते काही वेगळंच. आपण बोलतो तेव्हा आधी मेंदूत बोलण्याचा हेतू तयार होतो आणि मग तो जिभेपर्यंत पोचतो. पक्षाघातात हेतू शाबूत राहतो, वाट तेवढी तुटते. वाचासेतू म्हणजे त्या तुटक्या वाटेवरचा पूल. कवटीखाली बसवलेली बारीक जाळी हेतू टिपते, एक प्रोग्रॅम त्याचं वाक्य करतो आणि चकती ते वाक्य उच्चारते. हा प्रोग्रॅम ‘सूत्र’ नावाच्या संगणकभाषेत लिहिलेला होता, आणि निनादच्या वेळी त्या भाषेची दुसरी आवृत्ती चालू होती. आता तिसरी येऊन बरीच वर्षं झाली होती.

संगणकभाषा जुनी झाली म्हणून चालायची थांबत नाही. तिची देखभाल करणारी मंडळी एक तारीख जाहीर करतात, आणि त्या तारखेनंतर तिच्यात सापडलेल्या चुका कुणी दुरुस्त करत नाही. याला म्हणायचं आधारसमाप्ती. घर उभंच असतं, फक्त गवंडी यायचा बंद होतो. शहाणी माणसं तारखेच्या आधी नव्या आवृत्तीत जातात. बाकीचे ‘चालतंय ना, मग हात कशाला लावा’ असं म्हणून बसून राहतात, आणि इंजिनिअर लोकांत बाकीच्यांचीच संख्या नेहमी जास्त असते. त्यामुळे जगातली कितीतरी धरणं, तिकीटखिडक्या आणि माणसं अजून सूत्र-दोनवर चालत होती.

केतकीला आत बोलावणं आलं. स्थलांतर विभागाची प्रमुख डॉ. अन्विता मुजुमदार तिशीतली मुलगी होती. तिनं वैद्यकीही केली होती आणि संगणकशास्त्रही. दोन-तीन भेटींतच केतकीची ‘मॅडम’ जाऊन ‘अगं’ झाली होती.

“काकू, काकांना मी तीनदा विचारलं,” अन्विता म्हणाली. “नवी आवृत्ती बसवायची का? तिन्ही वेळा एकच उत्तर. ‘बघू.’”

“मग झालं की! बघू म्हणजे होच.”

“होच कसं?”

“अगं, आजारी पडायच्या आधी या माणसाच्या तोंडात ‘नाही’शिवाय शब्द नव्हता. पाहुण्यांना जेवायला बोलवू का? नाही. पोरीला सहलीला पाठवू का? नाही. आमच्या फाउंड्रीतली पोरं मागनं याला ‘नाहीसाहेब’ म्हणायची. मी तर विचारायचंच सोडून दिलं होतं. आणि आता बघ. अकरा वर्षांत एकदा नाही म्हणाला असेल तर शपथ. मऊ झाला गं आजारपणानं. सांगू नये, पण माझा खरा संसार आत्ता कुठं सुरू झाला.”

अन्विता हसली नाही. तिनं खुर्ची जवळ ओढली.

“एकदाही नाही म्हणाले नाहीत?”

“एकदाही नाही.”

“काकू, मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. आम्हालाही ती अलीकडेच कळली. शांतपणे ऐका.”

अन्वितानं सांगितलं ते असं. सेतू आधी माणसाच्या उत्तराचा आकडा करतो. होकार किंवा साधं बोलणं असलं तर एक, नकार असला तर शून्य. आकडा ठरला की मग त्यावर वाक्य रचायचं.

“बरं,” केतकी म्हणाली.

“पण समजा, माणसानं उत्तरच दिलं नाही. झोप लागली, लक्ष नव्हतं. मग त्या जागी काय येईल?”

“काहीच येणार नाही.”

“सूत्र-दोनमध्ये ‘काहीच नाही’ला वेगळी खूण नव्हती. तेही शून्यच.”

केतकीनं जरा विचार केला. “म्हणजे दारात कुणी आलंच नाही, आणि आलेल्याला ‘चालता हो’ म्हटलं, हे दोन्ही सारखंच?”

“आत बसलेल्या यंत्राला दोन्ही सारखंच. शून्य आलं की ते समजतं, माणूस काही बोललेलाच नाही. मग ‘मला नको’, ‘हे विकू नका’, नकाराचं कुठलंही वाक्य असो, ते तिथंच गळून पडतं. आणि त्या जागी यंत्र स्वतःचं एक वाक्य बोलतं, म्हणजे समोरच्याला यंत्र बंद पडलंय असं वाटू नये. त्याला आम्ही रिक्तवाक्य म्हणतो.”

“कुठलं वाक्य?”

अन्विता सांगणार, तेवढ्यात केतकीला ते कळलं.

हिंदी, इंग्रजी अशा इतर भाषा बोलणाऱ्या सेतूंत रिक्तवाक्याच्या जागी नुसती पिप् अशी शिटी होती. तिथं ही चूक थोड्याच दिवसांत उघडी पडली, कारण माणूस नाही म्हणायला गेला की शिटी वाजायची आणि घरचे वैतागायचे. ज्या त्या गटानं ती आपल्यापुरती दुरुस्त केली, मराठी गटाला कळवायचं कुणाला सुचलं नाही. मराठी सेतूच्या चाचणीत मात्र लोकांनी शिटीविरुद्ध तक्रार केली. अतिदक्षता विभागाची आठवण येते म्हणाले. तेव्हा मराठी गटानं असा शब्द शोधायला घेतला, जो कुठल्याही प्रश्नापुढे शोभेल आणि कुणाला लागणार नाही. ‘माहीत नाही’ उद्धट वाटत होतं. ‘काय?’ म्हटलं तर माणूस बहिरा वाटत होता. शेवटी कुणीतरी गमतीनं ‘बघू’ म्हणालं, टेबलाभोवतीचे सगळे हसले आणि तोच शब्द पक्का झाला. नवं घर घ्यायचं का, मुंजीला जायचं का, भाजीत गूळ घालू का. मराठी घरात ‘बघू’ बसणार नाही असा प्रश्न अजून जन्मायचा आहे. त्यामुळे चूक कुणाच्या कानालाच लागली नाही.

ती सापडली नव्या आवृत्तीमुळे. सूत्र-तीन ही काटेकोर भाषा होती. जुना प्रोग्रॅम तिच्यात उतरवताना ती एका ओळीपाशी अडून बसली. इथलं शून्य म्हणजे नकार की रिकामं, हे सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही, असा तिचा हट्ट. ते सांगता येईना, तेव्हा कुठं इंजिनिअरांच्या डोक्यात प्रकाश पडला.

“म्हणजे तो बघू म्हणाला, तेव्हा...” केतकीचा आवाज खाली गेला.

“एक तर नाही म्हणाले असतील, नाही तर काहीच म्हणाले नसतील. कुठल्या वेळी काय, ते आता कळणार नाही. सेतू मागचं काही साठवत नाही.”

केतकी हिशेब लावायला लागली. शिरोलीची फाउंड्री विकू का? बघू. उद्यमनगरचं घर सोडून लिफ्टच्या इमारतीत जाऊ या का? बघू. सकाळी दुधीचा रस देऊ का? रोज बघू. संध्याकाळी अभंग लावू का? रोज बघू. तिनं रस दिला होता, अभंग लावले होते. निनादचं शरीर तोंडात घातलेलं गिळायचं, पापण्या आपोआप मिटायच्या आणि आपोआप उघडायच्या. त्याच्या मर्जीनं त्यातलं काहीच होत नव्हतं. त्याच्या मर्जीची म्हणावी अशी ती चकती तेवढी होती. तिला एकदम खूप शरम वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. राग कुणाचा ते मात्र ठरेना.

“मग बदलून टाका की,” ती म्हणाली. “आजच बदला. म्हणू दे त्याला काय म्हणायचं ते.”

“तिथंच अडचण आहे. इतकी वर्षं काकांचा मेंदू या जुन्या आवृत्तीला सरावलाय. नवी बसवली की सगळं पहिल्यापासून शिकायचं. दहातल्या एखाद्याची वाचा परत येतच नाही. म्हणून नियम आहे, रुग्णानं स्वतः हो म्हटल्याशिवाय आम्ही हात लावत नाही.”

“आणि जुनंच ठेवलं तर?”

“बाहेरच्या जाळ्यापासून तोडून ठेवता येतं. चालेल तोवर चालेल. बिघडलं की संपलं. दुरुस्त करायला कुणी नसेल.”

“मग त्यालाच विचारलं पाहिजे. आणि विचारलं की तो म्हणणार, बघू.”

“हो ना. त्याचा अर्थ कळायला आधी आवृत्ती बदलायला हवी, आणि ती बदलायला आधी अर्थ कळायला हवा.” अन्विता खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग वळून म्हणाली, “काकू, काकांना हो म्हणता येतं.”

“येतं की.”

“मग प्रश्न उलटा विचारू. नवी बसवायची का, असं नाही. जुनीच राहू दे का? त्याचं उत्तर हो आलं तर आपल्याला त्यांचं मन कळलं. फक्त प्रश्नात ‘नको’ आणायचं नाही हं. ‘चहा नको का?’ याला मराठी माणूस हो म्हणाला, तर चहा द्यायचा की न द्यायचा ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. ‘कप परत नेऊ का?’ असं सरळ शब्दांत विचारायचं.”

निनादची खुर्ची आत आणली. तो सामन्यातून उठवल्यामुळे नाराज होता की नाही, चेहऱ्यावरून कळण्यासारखं नव्हतं. अन्वितानं त्याला सगळं पुन्हा सांगितलं, चूक काय झाली तेसुद्धा.

“आधी सराव करू,” अन्विता म्हणाली. “काका, संध्याकाळी अभंग लावायचे का?”

“बघू.”

“अभंग बंद ठेवायचे का?”

“हो.” उत्तर इतकं झटकन आलं की केतकीला हसू फुटलं. मग ते तिचं तिलाच आवरावं लागलं.

“कधीपासून रे?” तिनं विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि दुधीचा रस? तो ओतून द्यायला हवा होता का?”

“मोरीत,” निनाद म्हणाला.

आता केतकीला थांबता येईना. “फाउंड्री आपल्याकडेच ठेवायला हवी होती का?”

“हो.”

“उद्यमनगरातच राहायला हवं होतं?”

“हो.”

चकतीचा आवाज सगळ्या वाक्यांना सारखाच होता. त्यात राग भरायची सोय नव्हती. केतकीनं पदरानं डोळे पुसले. “अरे, मग दुसऱ्या कुठल्या तरी शब्दांत सांगायचंस. यंत्र बिघडलंय म्हणायचंस!”

“म्हणालो. यंत्र तपासा म्हणालो. तंत्रज्ञ आला. हे झाड आहे का म्हणाला. हे पाणी आहे का म्हणाला. सगळ्यांचं उत्तर हो. सगळं बरोबर निघालं. तो गेला.” थोडं थांबून चकती पुढे म्हणाली, “मग मी म्हणालो, राग आलाय. तू माझे पाय चेपलेस.”

अन्विता खुर्चीसमोर गुडघ्यावर बसली आणि तिनं मुद्द्याचा प्रश्न विचारला. नव्या आवृत्तीतला धोका तिनं सांगितला, जुन्यातलाही सांगितला. “काका, जुनीच आवृत्ती राहू दे का?”

“हो.”

अन्वितानं वर पाहिलं. तिला बहुधा हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तिनं शब्द बदलून पुन्हा विचारलं. “आत्ता जसं आहे तसंच ठेवायचं?”

“हो.”

“अरे पण का?” केतकी पुढे झाली. “वाचा जाईल म्हणून भितोस? दहातल्या एखाद्याचीच जाते. बाकीच्यांना सगळं बोलता येतं. तुला नाही म्हणता येईल!”

“भीती त्याचीच आहे,” निनाद म्हणाला. “सगळं एकदम बाहेर येईल. अकरा वर्षांचं. तू ऐकशील. तुझं तोंड उतरेल. मग आपण दोघं त्याच घरात.”

निनादच्या तोंडून अकरा वर्षांत ऐकू आलेला हा पहिला मोठा नकार होता, आणि तो नकार देता येण्याच्या सोयीलाच होता. तो मानला तर त्याला जन्मभर तोंडानं नाही म्हणता येणार नव्हतं, आणि एक दिवस बाकीचंही बोलणं थांबणार होतं. धुडकावला तर केतकीनं आजवर नकळत जे केलं, तेच आता जाणूनबुजून केल्यासारखं होणार होतं. अन्वितानं नियमाला असलेला अपवाद सांगितला. रुग्णाला स्वतःचं हित कळत नाही असं जोडीदारानं लिहून दिलं, तर केंद्र त्याच्या मनाविरुद्धही स्थलांतर करू शकतं.

“लिहून देऊ का मी?” केतकीनं अन्विताला विचारलं. विचारताना तिचं लक्ष नवऱ्याकडे होतं.

“मला विचाराल तर द्या,” अन्विता म्हणाली. “ही आमची चूक आहे काकू. मला ती दुरुस्त करायची आहे.”

“नको,” केतकी शेवटी म्हणाली. “एकदा तरी त्याचं ऐकू दे मला.”

निनादचा सेतू जाळ्यापासून तोडण्यात आला आणि आधारसमाप्तीची तारीख आली तशी गेली. ज्या कुटुंबांना ही चूक कळवली गेली, त्यांतल्या बहुतेकांनी जुनीच आवृत्ती ठेवण्यासाठी अर्ज केले. त्यांतल्या किती जणांनी आपल्या माणसाला उलटा प्रश्न विचारला होता, याची चौकशी केंद्रानं केली नाही.

सरनाईकांच्या घरात मात्र नवी रीत सुरू झाली. केतकी आधी सुलटं विचारायची, ‘बघू’ आलं की उलटं. गालिचा गुंडाळून ठेवू का? हो. वन्संना दिवाळीनंतर बोलवू का? हो. पंखा बंद करू? हो. पहिले काही दिवस तिला यात मौज वाटली. कोडं सुटल्यासारखं वाटायचं. मग हळूहळू घर बदलत गेलं. भिंतीवरचा निसर्गदेखावा उतरला. शेजारच्या जोशीकाकूंचं दुपारचं येणं बंद झालं. संध्याकाळ अभंगांविना सुनी झाली. रोज एखादी तरी गोष्ट निघायची, जी तिनं प्रेमानं केली होती आणि त्यानं सोसली होती. नाहीसाहेब परत आले होते, फक्त आता ते हो म्हणत होते. केतकीला कधी कधी त्या जुन्या मऊ नवऱ्याची इतकी आठवण यायची की गलबलून यायचं. तो कधी नव्हताच, हे तिला ठाऊक होतं. तरी यायची.

हळूहळू तिचे प्रश्न कमी झाले. कमी विचारलं की कमी कळतं, हे कुणालाही जमण्यासारखं शहाणपण आहे.

एका रविवारी दुपारी ती गॅलरीत त्याची नखं कापत बसली होती. ऊन पायांपर्यंत आलं होतं. वारा बरा होता. असं निवांत बसल्यावर माणूस बोलून जातं, तसं ती बोलून गेली. “निनाद, माझ्याबरोबर सुखात गेली ना रे ही वर्षं?”

“बघू,” चकती म्हणाली.

नेलकटर अंगठ्यापाशी थांबलं. त्याचं लक्ष नसेल, ती मनाशी म्हणाली. खाली मुलं खेळताहेत, तिकडे बघत असेल. रिकामं शून्यही शून्यच असतं, अन्वितानं सांगितलंच होतं. तिनं त्याचं बोट पुन्हा हातात घेतलं आणि नख कापलं. मग पुढचं बोट घेतलं.

“उलटं विचार,” निनाद म्हणाला.

केतकीनं मान वर केली नाही. उलटा प्रश्न तिच्या जिभेवर तयार होता. त्यात ‘नको’ नव्हतं, ‘नाही’ नव्हतं, सगळे सरळ शब्द होते.

“केतकी, उलटं विचार.”

तिनं त्याचा दुसरा हात मांडीवर घेतला.

“बघू,” ती म्हणाली.